जस्त, आम्ल आणि आमची ही

२ जानेवारी
रोजनिशी सुरू. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं. हा संकल्प पहिला. बाकीचे संकल्प उद्या, आज डोकं जड आहे.
ही बहिणीकडे गेली आहे. काही दिवसांसाठी. कपाट रिकामं आहे, पण ती पहिल्यापासून व्यवस्थित. जवळ जायचं असलं तरी सामान पुरतं नेते. शिवणयंत्रसुद्धा नेलंय.

३ जानेवारी
संकल्प: सकाळी चालायला जाणे. स्वतःचं जेवण स्वतः करणे. हिला आपण फोन न करणे, तिला करू देणे.
चालायला गेलो नाही, बूट सापडले नाहीत. बटाटे उकडले, आतून कच्चे. तिचा फोन आला नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.

५ जानेवारी, सकाळी
मेहुणीला फोन लावला. (संकल्प हिला न करण्याचा होता. मेहुणीचं काही ठरलं नव्हतं.) ही कधी येणार असं विचारलं, तर म्हणाली, भाऊजी, ते तुम्ही तिलाच विचारा ना. मेहुणीला पहिल्यापासून सरळ उत्तर देता येत नाही.
जाताना ही काय म्हणाली त्याची नोंद असावी. म्हणाली, तुझ्याशी बोलायचं म्हणजे रोज तोंडी परीक्षा. मी म्हणालो, तोंडीला वीसच मार्क असतात. विनोद होता. ती हसली नाही, तिनं बॅगेची चेन लावली.

८ जानेवारी
नववीला नवा धडा. धातू आणि आम्ल यांच्या अभिक्रियेच्या वेगावर परिणाम करणारे घटक. इतकी वर्षं शिकवतोय, झोपेतही शिकवू शकेन. फळ्यावर घटक लिहिले: धातूचा प्रकार, आम्लाची संहती, तापमान, पृष्ठफळ, उत्प्रेरक. लिहिता लिहिता हात खडूसकट थांबला.
आमच्यातली अभिक्रिया बंद पडलेली नाहीच मुळी. ती हळू चालली आहे. आणि हळू चाललेल्या अभिक्रियेवर उपाय असतात. पाच. पाठ्यपुस्तकात छापलेले.
वर्गाला वाटलं मला चक्कर आली. एकानं पाणी आणून दिलं.

९ जानेवारी
योजना तयार. एका वेळी एकच घटक बदलायचा, बाकी सगळं तेच ठेवायचं, म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं. हाच निळा शर्ट, हाच फोन, हीच संध्याकाळची वेळ. प्रत्येक प्रयोगाची तीन रीडिंग आणि त्यांची सरासरी. जे रीडिंग बाकीच्यांशी जुळणार नाही ते प्रायोगिक चूक समजून बाद.
पहिला घटक, धातूचा प्रकार, वगळला आहे. बायको तीच ठेवायची आहे.
स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना ढोबळ कल्पना दिली. ते म्हणाले, माझी गेली होती तेव्हा मी जाऊन सॉरी म्हणालो होतो, त्याच दिवशी आली. एकाच रीडिंगवरून निष्कर्ष! गणिताच्या माणसाला प्रयोगाची शिस्त ती काय कळणार.

१३ जानेवारी
घटक: संहती. विरल आम्लात बुडबुडे कमी, संहत आम्लात जास्त. आजवर मी भावना फार पाणी घालून सांगत आलो. आज शुद्ध, पाण्याचा थेंब नाही. फोनवर म्हणालो, तू नाहीस तर हे घर नाही, चार भिंती आहेत. (हे वाक्य दुपारी ऑफ पिरियडला तयार केलं होतं.)
तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, गॅसची नळी बदलायची होती, बदललीस का?
काळजी! स्पष्ट काळजी! मी तिला समजावून सांगितलं की नळीची मुदत पाच वर्षं असते, आणि तिचा समज चुकीचा आहे. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.
रीडिंग उत्साहवर्धक.

१४ जानेवारी
दुसरं रीडिंग. फोन उचलला नाही. तिसरंही तसंच. तिन्हींची सरासरी काढली तर गॅसच्या नळीचा एक तृतीयांश भाग येतो. तरी शून्यापेक्षा जास्तच.

१७ जानेवारी
वर्गात प्रात्यक्षिक. मॅग्नेशियमची फीत आम्लात टाकली तर ढिम्म. मुलं खुसखुसायला लागली. फीत जुनी होती, हवेनं तिच्यावर थर चढला होता. पॉलिश पेपरनं घासून पुन्हा टाकली, तर असा फेस आला की पुढच्या बाकावरचे मागे सरकले.
घोडं कुठं पेंड खातंय ते तिथल्या तिथं उमगलं. हिच्यावर थर चढलाय. बहिणीच्या घरचा. तो घासला की आत ती आहे तशीच आहे.

१८ जानेवारी
घासला. म्हणजे फोन करून बहिणीविषयी माझी काही निरीक्षणं मुद्देसूद मांडली. तिसऱ्या मुद्द्याला फोन कट झाला. नेटवर्क.

२१ जानेवारी
घटक: तापमान. आम्ल कोमट केलं की वेग वाढतो. म्हणून आज फोन नाही, प्रत्यक्ष भेट, आणि वागण्यात ऊब. मेहुणीच्या दारात उभा राहिलो. ऊब व्यवस्थित सुरू होती. पण मेहुणी दार अर्धंच उघडून म्हणाली की ताई इथं नाही. मी म्हणालो, ही लपवाछपवी कशाला. तापमान जरा जास्तच वाढलं असावं, कारण समोरच्या दारातला म्हातारा बाहेर आला आणि म्हणाला, काय चाललंय काय.
मेहुणी खालच्या आवाजात म्हणाली, भाऊजी, तिनं दुकानाच्या वरची खोली घेतलीय. पहिल्या तारखेपासून राहतेय तिथं. तुम्हाला सांगितलं होतं तिनं.
ही चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुकानाच्या वर खोली आहे हेच मला माहीत नव्हतं.
हे रीडिंग बाकीच्यांशी जुळत नाही. बाद.

२२ जानेवारी
खोली घेण्यात गैर काही नाही. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. मीच सुचवलं असतं.

२८ जानेवारी
घटक: पृष्ठफळ. जस्ताचा मोठा तुकडा टाकला तर अभिक्रिया हळू, त्याचीच पूड टाकली तर झपाट्यानं. वजन तेच. म्हणजे एकच मोठं मनोगत पाठवण्यापेक्षा त्याची पूड करून दिवसभर पाठवावी.
सकाळपासून पाठवली. खिडकीतल्या कुंडीचा फोटो. मोजा एकच सापडतोय. आज वाऱ्यानं दार आपटलं, वाटलं तू आलीस. मीठ कुठं असतं. आज फळा नीट पुसला नव्हता कोणी. तू काय जेवलीस.
दुपारी उत्तर आलं. वरच्या फळीवर, झाकणाच्या बरणीत. नेहमी तिथंच होतं.
मी ते उत्तर स्टाफरूममध्ये पुन्हा पुन्हा वाचलं. गणिताच्या सरांनाही दाखवलं. ते म्हणाले, अहो, ही मिठाची जागा आहे. मी म्हणालो, नेहमी हा शब्द बघा. ते त्यांचं डबा खाणं संपवून उठून गेले.
संध्याकाळनंतर माझे मेसेज पोहोचतात पण वाचले जात नाहीत.

२९ जानेवारी
मीठ सापडलं. बरणीवर तिच्या अक्षरात मीठ असं लिहिलेलं आहे. साखर, चहा, सोडा, सगळ्यांवर लिहिलेलं आहे. कधी लिहिलं कोण जाणे. घरात दोनच माणसं, आणि तिला तर सगळं माहीतच होतं. मग लिहिलं कोणासाठी?
बाद.

४ फेब्रुवारी
घटक: उत्प्रेरक. जस्त आणि आम्ल रेंगाळत असेल तर मोरचुदाच्या निळ्या द्रावणाचे चार थेंब टाकावेत, काम जोरात सुरू होतं. उत्प्रेरकाची व्याख्या: जो अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः शेवटी आहे तसाच राहतो. माझ्या थोरल्या बहिणीइतका, आमच्या ताईइतका न बदलणारा माणूस मी पाहिलेला नाही. लहानपणापासून मला शहाण्या म्हणते, अजून म्हणते.
ताईला सगळं सांगितलं. म्हणाली, जाते, पण आधीच सांगते, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं करू नकोस. रविवारी जाणार आहे.
चादर बदलून ठेवली.

९ फेब्रुवारी
ताई दुपारी गेली ती संध्याकाळी आली. डोळे लाल. मला वाटलं धूळ. बसली नाही. म्हणाली, शहाण्या, तिचे वडील गेले तेव्हा तू तिला दुःखाचे टप्पे तक्ता काढून समजावलेस? मी म्हणालो, हो, प्रत्येक टप्प्याला वेगळ्या रंगाचं पेन वापरून. ताई म्हणाली, आणि ती चौथ्या दिवशी रडली तेव्हा तिला तक्त्यावर बोट ठेवून दाखवलंस, की तू अजून दुसऱ्याच टप्प्यात आहेस? मी म्हणालो, होतीच ती दुसऱ्या टप्प्यात.
ताईनं चप्पल घातली. दारातून म्हणाली, एवढी वर्षं ती राहिली, मी असते तर महिन्यात गेले असते.
चहा केला होता तो मीच दोन्ही कप प्यालो.
शेवटी बदलून आला म्हणजे तो उत्प्रेरक नव्हताच. प्रयोगाची रचना चुकली होती, तत्त्व बरोबर आहे.

१२ फेब्रुवारी
आज नववीकडून आलेख काढून घेतले. सारख्या वजनाची जस्ताची पूड आणि जस्ताचा तुकडा, किती गॅस जमला त्याची रेघ. पुडीची रेघ खडी चढते, तुकड्याची आळसावत. मागच्या बाकावरची मुलगी, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, सर, पण शेवटी दोन्ही रेघा एकाच उंचीवर आडव्या होतात.
मी म्हणालो, बरोबर. घटकांमुळे वेग बदलतो. गॅस किती मिळणार ते जस्त किती आहे त्यावर ठरतं.
ती म्हणाली, मग जस्त संपलेलं असेल तर?
मी म्हणालो, तर काहीही करा, गरम करा, ढवळा, काही होत नाही. संपलं म्हणजे संपलं.
चांगलं उत्तर दिलं. वर्ग सुटल्यावर बराच वेळ डस्टर हातात घेऊन उभा होतो. शिपायानं विचारलं, सर, कुलूप लावू का.

१३ फेब्रुवारी
तो धड्यातला भाग आहे, इथं लागू होत नाही.

२० फेब्रुवारी
नवीन विचार. पाचही घटकांच्या आधी एक गोष्ट लागते, ती पुस्तकवाल्यांनी गृहीत धरलीय. धातू आणि आम्ल एका भांड्यात असावे लागतात. मी इथं, ती तिथं. संपर्कच नाही तर बुडबुडे कुठून येणार! सगळ्या अपयशाचं कारण मिळालं.
मला जवळचं वाचताना थोडा त्रास होतोय. होतोयच म्हटलं तर. दुकानात फोन करून डोळे तपासायची वेळ घेतली. काउंटरवरच्या माणसानं नोंदवली, हिला माहीत नाही.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
गेलो. आतल्या अंधाऱ्या खोलीत ती पाठमोरी होती. वळली आणि मला बघून हातातली काच पेटीत ठेवली. मग म्हणाली, बस.
केस थोडे कापलेत. चांगले दिसतात. मी म्हणणार होतो, पण आधी तोंडून निघालं की खुर्चीची उंची समोरच्या अक्षरांच्या तक्त्याच्या अंतराला योग्य नाही. ती म्हणाली, हनुवटी इथं ठेव.
आधी यंत्रानं डोळे मोजले. मग काचा बदलून बघायची ती जाड फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, कानामागे नीट बसवली. बोटं गार होती. ती वाकून एकेक काच सरकवायची आणि विचारायची, हे बरं की हे? मी म्हणायचो, पुन्हा दाखव. ती दाखवायची. हे की हे? कळत नाही, परत एकदा. ती परत दाखवायची. तिच्या साबणाचा वास येत होता. एकाच घरात राहून इतक्या जवळ ती गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती, आणि माझ्या उत्तराची अशी वाट तिनं कधी पाहिली नव्हती. की मी कधी तिच्या प्रश्नासाठी थांबलो नव्हतो? असो. मला उठायचं नव्हतं. स्पष्ट दिसलं की मी धूसर म्हणायचो, धूसर दिसलं की स्पष्ट म्हणायचो. त्यानं काम लांबतं.
शेवटी ती म्हणाली, यंत्राचा आकडा आणि तुझी उत्तरं जुळत नाहीत. मी म्हणालो, मला काय दिसतं ते मला कळतं की यंत्राला? ती म्हणाली, बरं.
हे बरं मी ओळखतो. पण एकूण अर्धा तास! एका भांड्यात अर्धा तास!

२ मार्च
चष्मा आला. फ्रेम तिनं निवडली आहे, म्हणजे निवडली असावी.
घातला की जमीन वर येते.

४ मार्च
सवय व्हायला वेळ लागतो. शाळेच्या पायऱ्यांवर एक पायरी होती ती मला दिसली नाही, आणि एक नव्हती ती दिसली. गुडघा सुजलाय. चष्मा काढणार नाही. तिनं मोजून दिलाय.

६ मार्च
डोकं ठणकतंय. पेपर तपासले. एका मुलाला चौदाच्या जागी एकोणीस दिले गेले, तो तक्रार घेऊन आला नाही. प्रयोगशाळेत आम्ल बीकरच्या शेजारी ओतलं. टेबलाच्या संगमरवराला फेस आला. गणिताच्या सरांनी हात धरून मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, अहो, चष्मा काढा तो. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, का? मी तो नाकावर आणखी वर सरकवला.

१० मार्च
तिचा फोन!! तिचा, स्वतःहून! तिसऱ्या तासाला आला, मी वर्ग सोडून व्हरांड्यात पळत गेलो, दारावर आपटलो.
म्हणाली, तुझी फाइल काढून बघितली, असा नंबर तुला असूच शकत नाही. डोकं दुखतंय का? मी म्हणालो, थोडंसं. म्हणाली, शनिवारी ये, परत तपासते.
सव्वादोन महिन्यांनी बुडबुडा! संपर्काचा सिद्धांत खरा ठरला. गणिताच्या सरांना सांगितलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. आनंद झाला असावा.

१३ मार्च
केस कापले. घर झाडलं. तिच्या कपाटाचे कप्पे पुसून कोरडे केले. शिवणयंत्राची जागा मोकळी केली. गॅसची नळी बदलून घेतली. बदलणारा म्हणाला, बरं झालं बोलावलंत, आतून चिरली होती. हे तिला सांगायचं. तिचं बरोबर होतं असं मी कधी म्हणालेलो आठवत नाही, उद्या म्हणेन.
निळा शर्ट इस्त्री केला.

१४ मार्च, दुपारी
आलो आत्ताच.
खोली तीच, खुर्ची तीच. तिनं फ्रेम नाकावर ठेवली आणि म्हणाली, या वेळी खरं सांग.
मी आधी नळीचं सांगितलं. चिरली होती, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, हो? बरं झालं बदललीस. एखाद्या गिऱ्हाइकाला म्हणावं तितक्याच प्रेमानं म्हणाली. मग काच सरकवली. हे बरं की हे? दुसरं. आता? पहिलं.
मी म्हणालो, परत ये.
तिचा हात थांबला नाही. काच काढून पेटीत ठेवली, दुसरी घेतली. म्हणाली, नाही येणार रे. मी म्हणालो, राग जाऊ दे, मी वाट बघतो, वेळ लागू दे. ती म्हणाली, राग कुठाय? राग होता तेव्हा भांडत होते, रडत होते, तुझ्यासमोर बसून होते. ते सगळं त्या घरातच संपलं. तू सगळं केव्हा करायला लागलास माहितीय? मी निघून आल्यावर.
मी म्हणालो, एकच काहीतरी सांग, कशानं झालं. ती म्हणाली, एकाच गोष्टीनं नाही झालं.
अंधार होता ते एक बरं. पण त्या फ्रेममध्ये डोळे पुसता येत नाहीत. तिनंच फ्रेम उचलली, कागदी रुमाल दिला, मी पुसेपर्यंत थांबली, आणि पुन्हा नाकावर ठेवली. कानामागे नीट बसवली.
मला ती हवी आहे. अजून. हे कुठल्याच घटकात बसत नाही.
ती म्हणाली, समोर बघ. हे बरं की हे?
मी खरं ते सांगितलं. पुढचंही खरं सांगितलं. मागच्या वेळी त्याच खुर्चीत मी अर्धा तास काढला होता. खरं सांगत गेलं तर काहीच वेळ लागत नाही. दोन-चार काचा सरकवल्या, शेवटची बारीक ओळसुद्धा मला लख्ख वाचता आली, आणि ती म्हणाली, झालं.